मापाचा पाय

आई गेल्यावर पंधराव्या दिवशी फोन आला, "बाईंचा गुडघ्याचा ब्रेस तयार आहे." लेक ब्रेस बनवणाऱ्या कारागिराकडे गेली ती अपराधी मनानेच. आईचे गुडघे दुखत होते आणि आपल्याला त्याचा गंधही नव्हता!

"काका, आई गेली. फार त्रास होता का हो तिला गुडघ्याचा?"

कारागिराने हातातलं काम खाली ठेवलं.

"त्रास नव्हता बाळ, होऊ नये म्हणून बनवला. लांब उडीत पाय टेकताना बायकांचा गुडघा आत वळायला बघतो. हा त्याला धरून ठेवतो."

"लांब उडी? अहो, अडुसष्टची होती ती!"

"म्हणून तर घाई लावली होती. 'एकदा का पडले, तर लेक मैदान बंद करील माझं,' म्हणायच्या."

त्याने मापासाठी ओतलेला आईचा प्लास्टरचा पाय टेबलावर ठेवला. गुडघ्याच्या वर स्नायू पाषाणासारखा उभा होता. लेकीने दोन्ही हातांनी मांडी कवळून पाहिली. बोटं काही एकमेकांना भेटेनात.

आणि या बाईला ती गेली तीन वर्षं हात धरून जिना उतरवत होती. आईही मुकाट्याने उतरत होती.