शांघायच्या आजीची मुलाखत

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण देऊळघाटच्या शाळेत शांघायची एक आजी चक्क वऱ्हाडी बोलली आणि अख्खं मैदान रडलं. रडलं म्हणजे, भागवत सरांनी चष्मा पुसला. बाकीचं आपण धरून चालू.

नववीच्या पोरांना गट पाडून रेडिओचे कार्यक्रम करायचे होते. विषय होता आजचा चीन. सगळ्यांत सरस कार्यक्रम बुलढाण्याच्या रेडिओवर लागणार होता. समताला त्यात बोलायचं होतं, दुसरं काही म्हणजे काही नको होतं. पण भागवत सरांनी आधीच बजावलं.

"रेडिओवर मले-तुले चालत नाही. तू रेकॉर्डिंग सांभाळ, तुमच्या गटातली मलिहा बोलेल."

समता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "सर, तिकडचं खरं माणूस भेटलं तं?"

"इथं कुठून भेटणार?"

"मतीनच्या अब्बांचं मलकापुरात मोबाईलच्या कव्हरचं दुकान हाये. माल तिकडूनच येते. एका व्यापाऱ्याची आई बोलाले तयार हाये."

गटातल्या मतीनने मान हलवली. जरा जास्तच हलवली.

मग समता रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायची. खाली यायची ती कधी हसत, कधी नाक ओढत. भाषांतर मोबाईलच करतो, असं मतीन गावभर सांगत सुटला.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात सतरंज्या पडल्या, आयाबाया जमल्या. मलिहाने ऐन वेळी समताने लिहून दिलेला कागद खाली ठेवला. "सर, ही आजी माझ्या तोंडात बसतच नाही. समतालाच बोलू द्या."

"पण प्रमाण भाषेत!"

"सर, ते आजी टीव्हीवरची भाषा नाही बोलत, घरची बोलते," समता म्हणाली. "पुस्तकी केली तं खोटं होईन."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि हातानेच सुरू कर म्हणून खुणावलं. समताने माईक ओढला आणि आजी होऊन बोलू लागली.

"जेवली का वं? मंग सांगतो. मी बाविसाव्या माळ्यावर राह्यतो. दाराले किल्ली नाही, बोट लावलं का उघडते. भाजीवालीले पैसे नाही, फोन दाखवा लागते. सकाळी खाली बाया गाण्यावर हात हालवतात, मीबी हालवतो. नातू म्हणते, आजी, लिफ्टमंदी बोलू नको, लोक हासतात. मंग मी चूप. बावीस माळे चूप."

पुढच्या आयाबाया सरकत सरकत माईकजवळ आल्या.

"पाहिलंत?" भागवत सर शेजारच्या बाईंच्या कानाशी लागले. "आधी जेवलात का विचारतात. चिनी लोकांची रीतच आहे ती, वाचलंय मी."

मग चष्मा पुसून त्यांनी माईक हातात घेतला. "पहिला नंबर समताच्या गटाचा! आणि हा कार्यक्रम बुलढाण्याला असाच जाईल. मले-तुलेसकट!"

टाळ्यांनी झाडावरचे बगळे उडाले. समताला वाटलं, आपण जमिनीवर नाहीच.

"आणखी वाजवा!" सर ओरडले. "शांघायच्या त्या माउलीपर्यंत पोचल्या पाहिजेत!"

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून समताची आजी बेबीताई पदर सावरत उठली. लेकाच्या घरून ती कालच गावी आली होती.

"पोचल्या, गुरुजी! पण समते, मी तं पुण्यात राह्यतो वं, मले चीनले काऊन धाडलं?"