नवव्यांदा

बायकोच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आम्ही मागे सरलो.

“दाजी, सिगारेट सोडतो म्हणा. ताईचा जीव त्यातच अडकलाय, त्याशिवाय कावळा शिवायचा नाही,” मेहुणा म्हणाला.

आठदा सोडली होती मी. दर वेळी ती देवापुढे साखर ठेवायची आणि महिन्याभरात माझ्या शर्टाचा वास घेऊन गप्प व्हायची. शेवटच्या वेळी तिने साखर ठेवलीच नाही.

आता मात्र मी मनापासून ठरवलं. नदीत फेकायला खिशातलं पाकीट काढलं. शब्द द्यायला तोंड उघडणार, तोच कावळा उतरला, पिंडाला शिवला आणि उडून गेला.

“सुटली बिचारी,” मेहुणा डोळे पुसत म्हणाला. “तिची काही इच्छाच राहिली नव्हती.”

मी पाकीट पुन्हा खिशात ठेवलं.