प्रतिवादी हजर

"मी सही नाही करत," विनोदिनी म्हणाली आणि तिने पेन टेबलावर ठेवून दिलं.

रायपूरच्या दिवाणी कोर्टातल्या समझोत्याच्या खोलीत सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. श्यामरावांनी, तिच्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. ज्यासाठी एवढी वणवण केली, तेच तर त्या कागदावर होतं. प्रतिवादी अच्युत येत्या महिन्यात वादी विनोदिनीशी नोंदणी पद्धतीने लग्न करेल, मग त्याची आई येवो न येवो. आणि वादी आपला दावा मागे घेईल. अच्युत समोरच मान खाली घालून बसला होता. डोक्यावरचे केस विरळ झाले होते. तरी विनोदिनीला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. लाज सोडून सांगायचं तर आधीपेक्षा जास्तच.

नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झाली, भोपाळची अर्धी कचेरी रायपूरला आली आणि तिच्यासोबत अच्युत आला. बुढापारा मोहल्ल्यात श्यामरावांच्या माडीवर भाड्याने राहिला. तलावाकाठी फिरता फिरता त्याने विनोदिनीला लग्नाचं वचन दिलं. पुढे दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, भोपाळ त्याच्या वाट्याला आलं, आणि हा पठ्ठ्या तिकडे जाऊन मूग गिळून बसला. श्यामरावांनी महिला ठाण्यात तक्रार केली. तिथे समझोता झाला. आईची समजूत घालतो, वसंत पंचमीला लग्न करतो, असं लिहून अच्युतने सही केली. तक्रार मागे घेतली गेली आणि स्वारी जी गायब झाली ती झालीच. वसंत पंचमी गेली, वर्ष गेलं. फाटकाची कडी वाजली की विनोदिनीचा जीव तिकडे धावायचा. बघावं तर दूधवाला.

शेवटी वचनभंगाचा दावा लावला. आणि काय सांगावं, अच्युत यायला लागला! दर पेशीला, कोर्टाच्या प्रत्येक तारखेला. रात्रभर गाडीत बसून, चुरगळलेल्या शर्टात येऊन समोरच्या बाकावर बसायचा. बोलणं काहीच नाही. पण विनोदिनी आदल्या दिवशीच साडी काढून ठेवायची, कोथिंबिरीची सांभारवडी करायची. दुपारी श्यामराव मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि वादीच्या डब्यातली वडी प्रतिवादीच्या पोटात जायची. आला नाही तर पोलीस धरून आणतील, एवढाच कायदा तिला ठाऊक होता. ठाण्यात तिने तसंच पाहिलं होतं. त्या कायद्याचे ती मनातल्या मनात उपकार मानायची.

"आता काहून वो?" श्यामराव कळवळून म्हणाले. "तुले हेच पाहिजे होतं ना?"

"बाबा, मागं यानं सही केली अन् वर्षभर तोंड नाही दाखवलं. केस लावली तवापासून याची एक पेशी चुकली नाही." तिने कागद श्यामरावांकडे सरकवला. "आज सही केली का पेशी बंद. मग हा काहून येईल? मले वचन नको आता. मले पुढची पेशी द्या."

अच्युतचे वकील नरहरी, ब्राह्मणपाऱ्यातले म्हातारे गृहस्थ, बोलायला पुढे सरसावले. बोलू नका म्हणून अच्युतने त्यांचा हात दाबला. त्यांनी तो झटकला.

"पोरी, हा दिवाणी दावा हाय. यात वकील उभा राहिला का झालं, पक्षकाराचं काही काम नसते. मी याले पहिल्याच पेशीले सांगितलं, तू येत नको जाऊ. तर म्हणे, वकीलसाहेब, घरी रायपूरचं नाव काढायची सोय नाही. कोर्टाचं नाव घेतलं का मायच गाडीत बसवून देते."