चार पानी माफी

भांडून वासंती माहेरी, चिपळूणला गेली. तोंडाने माफी मागणं मला तीस वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं, म्हणून वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. आठवडाभर वहीत अवघड शब्द उतरवले, उपमा आणि रूपकं शिकलो आणि तिला चार पानी पत्र लिहिलं. त्यात मी विरहदग्ध होतो आणि आमचं घर जणू निष्पर्ण वृक्ष होतं.

तिचा फोन आला. "तुमचं पत्र मला कळेना, म्हणून दादाला दाखवलं. तो शब्दकोश घेऊन बसलाय. अहो, तुम्हाला म्हणायचंय तरी काय?"

एवढी कमावलेली शब्दसंपदा ऐनवेळी पळून गेली. "चुकलो गं," मी म्हणालो. "तुझ्याशिवाय जेवण जात नाही."



"मग एवढंच लिहायचं ना," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीने येते."