तिसऱ्यांदा सापडला तर

पोलिसाने हात आडवा केला तेव्हा व्हॅनचा काटा नव्वदीच्या पुढे होता आणि कडेची पाटी पन्नास सांगत होती. फिटरने मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि गाडी बाजूला घेतली.

याआधी दोनदा तो असाच सापडला होता. शोरूमच्या मालकाने बजावून ठेवलं होतं, की तिसऱ्यांदा सापडलास तर लायसन्स जाईल, आणि लायसन्स गेलं की किल्ली टेबलावर ठेवून घरचा रस्ता धरायचा. लोकांच्या घरी जाऊन कपाटं, पलंग जोडून द्यायचे हे त्याचं काम. व्हॅनशिवाय तो करणार काय, डोंबल?

आणि हे सगळं एका बिजागरीपायी. बायपासपलीकडच्या एका बाईंना त्याने उन्हाळ्यात कपाट जोडून दिलं होतं. त्याच्या दाराची बिजागरी काही केल्या टिकत नव्हती. दर गुरुवारी दुपारी बोलावणं ठरलेलं. नवरा दिवसभर ड्यूटीवर, घरात पेचकस धरणारं दुसरं कोणी नाही. गिऱ्हाइकाला नाही तरी कसं म्हणायचं? आज तिथून निघायलाच उशीर झाला, पुढची डिलिव्हरी खोळंबली आणि ॲक्सिलरेटरवर पाय जरा जड पडला.

पोलीस उंचापुरा, शांत माणूस होता. त्याने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. फोटो बघितला, मग चेहरा बघितला. पत्ता मात्र ओठ हलवत सावकाश वाचला, शाळेतली मुलं पाठ करतात तसा. मागे डोकावून हत्यारांची पेटीही पाहून घेतली.

"लग्न झालंय?" त्याने विचारलं.

"हो साहेब."

"मग जपून जा. घरी कोणीतरी वाट बघत असतं."

लायसन्स परत हातात. ना दंड, ना पावती. फिटरचा जीव भांड्यात पडला आणि उरलेला दिवस तो शीळ घालत गाडी हाकत राहिला.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकून हसली आणि सहज म्हणाली, "भला दिसतोय. कसा होता दिसायला?"

झालं. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला.

बायकोच्या बाबतीत फिटरचं मन मुळातच संशयी. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस दोनदा हसला, एवढं कानावर आलं तरी याच्या पोटात आग पडायची. गोदामातली पोरं त्याची हत्यारं ढापतात म्हणून तिने बिचारीने एकेका मुठीवर लाल चिकटपट्टी गुंडाळून दिली होती. तेव्हाही याने विचारलं होतं, लालच का? कोणाला आवडतो लाल? त्यावर ती कडाडली होती, आणि पुढे पट्टी लावलेला लांब पेचकस हरवला तेव्हा तर त्यालाच फैलावर घेतलं होतं. कोणीतरी ढापला असेल, असं म्हणून त्याने विषय मिटवला होता.

आता त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. पोलीस सख्ख्या काकालाही सोडत नाहीत, मग मला कसं सोडलं? पत्ता एवढा घोळून का वाचला? ओळखीचा पत्ता असल्याशिवाय का? दंड आज येईल, उद्या येईल म्हणून तो वाट बघू लागला. दंड आला असता तर त्याने पेढे वाटले असते. तो येईचना, आणि तो येत नाही तसतसा फिटर आतून जळत चालला.

त्यातच एक दिवस बेसिनमध्ये दोन कप दिसले.

"कोण आलं होतं?"

"तुझ्या घरोब्यातलं कोणी नाही," बायको म्हणाली आणि कप धुऊन टाकले.

तेव्हापासून ती गप्पच झाली. पूर्वी त्याने असा काही वाकडा प्रश्न विचारला की ती ताडकन तोंडावर उत्तर फेकायची. आता नुसती त्याच्याकडे बघत राहायची. फोन वाजला की उठून गॅलरीत जायची. ज्या बाईने कधी त्याच्यापासून काही लपवलं नाही, तिच्या मनात आता दुसराच कोणी बसलाय, याची फिटरला खात्री पटली. रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा आणि डोळे टक्क उघडे ठेवायचा.

गुरुवारी तो बायपासला लागला तेव्हा नेहमीच्या जागी भलताच पोलीस उभा होता. फिटरने गाडी थांबवून विचारलं, ते उंच साहेब कुठे? त्यांनी आज रजा टाकलीय, असं उत्तर मिळालं.

बिजागरी गेली खड्ड्यात. त्याने तिथल्या तिथे व्हॅन वळवली आणि पाय दाबला. मागून शिट्टी वाजली, लांबलचक. आरशात पोलीस नंबर टिपून घेताना दिसला. म्हणजे तिसऱ्यांदा सापडलाच. नोकरी गेली तर गेली, पण आज त्या दोघांना रंगेहाथ पकडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गल्लीत परकी मोटारसायकल उभी होती. दाराला आतून कडीसुद्धा लावलेली नव्हती. आत साध्या कपड्यांत तोच पोलीस बसलेला, समोर बायको, मध्ये चहाचे दोन कप.

"वा साहेब," फिटरचा आवाज फाटला. "मला सोडलंत ते यासाठी होय?"

दोघांपैकी कोणीही दचकलं नाही. बायकोने मान वर केली आणि हल्लीसारखीच त्याच्याकडे नुसती बघत राहिली. पोलिसाने आपला कप उचलून बाजूला ठेवला. त्याच्यामागे टेबलावर एक लांब पेचकस पडला होता, मुठीला लाल चिकटपट्टी.

"हा आमच्या पलंगाखाली सापडला," पोलीस म्हणाला. "कोणाचा, ते वहिनींनी बघताक्षणी सांगितलं. आमच्या कपाटाची बिजागरी मात्र एकदम घट्ट आहे. मी तपासली."