अंजिराचा चीक

करवत खुंटीवर होती, पण दात बाहेर करून. घड्याळजींनी जन्मात कधी करवत अशी टांगली नव्हती. दात भिंतीकडे, हा त्यांचा नेम.

"माझ्याच करवतीनं माझं झाड," ते म्हणाले. "वर ती जागेवर आणून ठेवायची. काय कोडगेपणा म्हणावा."

बायको दारात उभी होती, भांडी घासायचे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून. "आता सोडून द्या ना," ती म्हणाली.

सोडून द्या म्हणे! परसातलं ते अंजीर मुलानं आणलं होतं. परगावाहून येताना वीतभर काडी, ओल्या पायमोज्यात गुंडाळलेली. मुलगा गेला त्याला अकरा वर्षं झाली, आणि काडीचं झाड दोन पुरुष उंच झालं. कापलेल्या ड्रमांत आणखी सहा अंजिरं होती, भरपूर फळणारी, पण ती हौसेची. हे मुलाचं. मंगळवारी दुपारी घड्याळजींचा जरा डोळा लागला, आणि उठून बघतात तर झाड आडवं. गुडघ्याएवढा बुंधा तेवढा उभा, त्यातून पांढरा चीक गळत होता.

त्यांना रडू आलं नाही. राग आला. रागाचा त्यांना आधारच वाटत होता.

आज गुरुवार. ते पुन्हा बुंध्यापाशी उकिडवे बसले. अडाणी माणूस एकाच बाजूनं करवत घालतो, मग झाड पडताना साल ओरबाडून निघते. इथे आधी एका बाजूनं खाच घेतली होती आणि मग पलीकडून काप. तोही तिरका, पाणी साचू नये म्हणून.

"चोर जाणकार आहे," ते म्हणाले. "माझंच बघून बघून शिकलेला."

असा एकच होता. भिंतीपलीकडचा औषधवाला. अंजिराची मुळं त्याच्या सांडपाण्याच्या नळात शिरायची. दोनदा त्याला फरशी उखडावी लागली होती. "काका, एक दिवस मीच कापणार हे," असं तो म्हणालाही होता. हसत म्हणाला होता. पण हसतमुखानं माणसं काय काय करतात, हे घड्याळजींनी दुकानात पन्नास वर्षं पाहिलं होतं.

"चहाला बोलावलंय त्याला," ते म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. "कशाला?"

"हात बघायचेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

अंजीर आपल्या मारेकऱ्याला सोडत नाही. चीक अंगावर उडाला आणि वर ऊन लागलं, तर त्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टरारून फोड येतात. आणि फोड कुठे आले यावरून माणूस काय करत होता तेही कळतं. करवत चालवणाऱ्याचा तळवा मुठीवर मिटलेला, म्हणून शाबूत राहतो. चीक उडतो तो मनगटावर, हाताच्या वरच्या अंगाला. घड्याळजी हे सगळं बायकोला समजावून सांगत होते आणि ती खाली मान घालून ऐकत होती.

"त्यापेक्षा पट्टी बदलू या तुमची," ती म्हणाली. त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. "दुखतंय का?"

"आग होतेय नुसती. कशानं गं?"

"चहाचं आधण सांडलंत ना हातावर. मघाशी सांगितलं की."

"हो, हो. आधण." त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे आता. तो येईल."

औषधवाला चारला आला. खुर्चीच्या कडेवर बसला. "काका, आज बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? हात दाखव."

त्यानं एकदा काकूंकडे पाहिलं. मग बाह्या सारून दोन्ही हात टेबलावर ठेवले, उलटे-सुलटे केले. स्वच्छ. एक ओरखडासुद्धा नाही.

"अंजिराचा चीक असा असतो बघ, की—"

"माहितीये, काका," तो हळू म्हणाला. "कालच सांगितलंत तुम्ही."

चेष्टाच ही. काल हा आला होता कधी? पण हात स्वच्छ होते, आणि घड्याळजींची दोन दिवस जपलेली खात्री पार ढासळली. मग कोण?

तेवढ्यात बायकोच्या हातातून ट्रे निसटला. कप फुटले. ती ओणवी झाली आणि तुकडे उचलताना कळवळली. हातमोजे अजून तिच्या हातातच होते. चहा आणताना हातमोजे?

"काढ ते," घड्याळजी म्हणाले.

"साबणानं हात फुटलेत हो."

"काढ म्हणतो ना."

तिनं काढले. दोन्ही तळव्यांवर फोड होते, काही फुटलेले.

घड्याळजी पुढे सरसावले. "तू? आपल्या पोराचं झाड?"

"काकू, नका हो," औषधवाला उठत म्हणाला.

"तू गप्प बस." ती नवऱ्याकडे वळली. "हो. मीच कापलं."

घड्याळजींनी तिचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला. पन्नास वर्षं त्यांनी बारीक बघण्याचंच काम केलं होतं. तळव्यावर फोड. बोटांच्या आतल्या बाजूला फोड. मनगटापासून कोपरापर्यंत, सगळे आतल्या अंगाला. त्यांनी हात उलटा केला. वरचं अंग कोरं होतं.

हे करवत चालवणारे हात नव्हते. हे झाडाला मिठी मारून बसलेले हात होते.

"तू धरून बसली होतीस," ते म्हणाले. "मग कापत कोण होतं?"

घड्याळजींची नजर खाली गेली आणि ते उजव्या हाताची पट्टी सोडू लागले.

"अहो, राहू दे ना," ती म्हणाली, आणि त्या फुटलेल्या तळव्यांनी तिनं त्यांची पट्टी घट्ट धरून ठेवली.