रविवारची सीट

त्या रविवारी ओळखीच्या एकाची गाडी मिळाली, म्हणून ती बाबांकडे अर्धा तास आधीच पोचली, आणि गल्लीच्या वळणावर थबकली.

बाबा पायरीपाशी उकिडवे बसले होते. सायकल भिंतीला टेकवलेली, हातात पान्हा. त्यांनी जुनी, काळी पडलेली कातडी सीट उतरवली, बाहीनं पुसली आणि बाजूला ठेवली. मग पिशवीतून नवी सीट काढली, पाइपवर बसवली, नट आवळला. एक हात भिंतीवर, एक गुडघ्यावर, असे टप्प्याटप्प्यानं उठले आणि जुनी सीट पोटाशी धरून लगबगीनं आत गेले.

नवी सीट तिनंच आठ महिन्यांपूर्वी हौसेनं आणून दिली होती. जाड, मऊ, आत जेल भरलेली. बत्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत गल्ल्या पालथ्या घातलेल्या माणसाच्या हाडांना आता तरी आराम मिळावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

ती पावलं न वाजवता मागं सरली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिली आणि काचेवरच्या खोकल्याच्या औषधाची जाहिरात तीनदा वाचली. अकराला पाच मिनिटं असताना निघाली आणि नेहमीसारखी फाटक वाजवत आत शिरली.

"आलात का ठमाबाई? तुमच्यावर घड्याळ लावून घ्यावं!"

बाबा खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पेपरच्या कडेला ग्रीसचा अंगठा उमटला होता.

"नवी सीट कशी आहे?" दर रविवारी विचारायची, तसंच तिनं विचारलं.

"लोणी! परवा पार बँकेपर्यंत जाऊन आलो. सायकलवर बसलोय की गादीवर लोळतोय, तेच कळेना."

"आणि जुनी?"

"ती होय? केव्हाच दिली भंगारवाल्याला. तोसुद्धा घ्यायला कुरकुरत होता."

ती हसली. बाबाही हसले आणि अंगठा मुठीत मिटून घेतला.

"बाबा, सायकलची सीट किती वर्षं टिकायला हवी हो?"

बाबा पुढं सरकले. पेपर मांडीवरून घसरला तरी त्यांना पत्ता नव्हता. "कातडी ना? पहिलं वर्षभर ती तुला छळते. दुसऱ्या वर्षी तुझी हाडं ओळखायला लागते. तिसऱ्या वर्षापासून मात्र बघायला नको, आपण बसलोय हेच विसरून जायला होतं. नीट तेल लावलं, उन्हात टाकून दिली नाही, तर माणसाला पुरून उरते बघ." बोलता बोलता ते भानावर आले. "म्हणजे, ही तुझी जेलचीपण काही कमी नाही हां. अजिबात नाही."

शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण बाबांनी एवढ्या खटपटीनं मांडलेला डाव उधळायचा कसा? पुढच्या रविवारी बघू, तिनं ठरवलं. मलाच ती सीट आवडत नाही म्हणायचं, दिसते कशी भोपळ्यासारखी, म्हणायचं, आणि घेऊन जायची. त्यांच्या अंगावर काही यायला नको.

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"सावकाश जा. आणि अकरालाच येत जा. मधेच कधीतरी उगवू नकोस."

"का हो?"

"वाट बघायला बरं पडतं," बाबा म्हणाले.

सोमवारी पहाटे ते झोपेतच गेले.

घर आवरायला ती एकटी आली, तोही रविवारच होता. सायकल पायरीपाशी होती तशीच उभी. वर नवी सीट. ती उतरवायला बाबांना सोमवार मिळालाच नव्हता.

जुनी सीट पलंगाखाली सापडली. मीटर वाचायला जाताना घालायचे त्या खाकी शर्टात गुंडाळलेली, आणि वर पान्हा. ती दोन्ही घेऊन बाहेर आली आणि सायकलपाशी उकिडवी बसली.

नव्या सीटवर सुरकुती म्हणून नव्हती. दुकानातली चकाकी जशीच्या तशी. पण खालच्या नटाला पान्हा धरेना. लावला की सटके. तिनं वाकून पाहिलं. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते. तिला वाटलं होतं, त्या एका रविवारी बाबांनी तेवढं केलं असेल. ती नटाकडे बघत राहिली. दर रविवारी एकदा चढवायला, दर सोमवारी एकदा उतरवायला. भिंत धरून, त्या गुडघ्यांनी.

चौथ्या खेपेला नट सुटला. तिनं जुनी सीट पाइपवर बसवली आणि तिच्यावर तळहात टेकला. दोन खळगे होते. डावा जरा जास्त खोल. मीटर दिसला की बाबा खाली न उतरता डावीकडे कलून वाचायचे.

समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "त्या दिवशी मी साडेदहालाच आले होते. मी बघितलं होतं तुम्हाला."

तिनं नट आणखी अर्धा फेरा आवळला. सीट हलवून पाहिली. पक्की होती.

"जुनीच राहू दे. आता मी येणार असले, तरी बदलू नका."